अंध पादचारी आणि चौकातील संकेतरचना : एक चिकित्सा

रस्ता ओलांडण्याच्या जागेची रचना हा सामान्यतः स्थापत्याचा आणि वाहतूक-नियोजनाचा विषय समजला जातो. पट्ट्यांची रुंदी, दिव्यांचा अवधी, पदपथाची उंची यांचा विचार अभियंत्याने करावा आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यापासून दूर राहावे, अशी विद्यांची वाटणी रूढ आहे. परंतु डोळस पादचाऱ्याच्या जागी अंध पादचारी कल्पिला की ही वाटणी टिकत नाही. डोळस मनुष्य चौक पाहतो. अंध मनुष्याला तो वाचावा लागतो. पायाखालची फरशी, काठीच्या टोकाला लागणारी कड, खांबावरून येणारा आवाज ही त्याच्या लेखी चिन्हे असतात. मग चिन्हांविषयीचे सर्व प्रश्न येथे उपस्थित होतात : चिन्हाचा अर्थ कोणता, तो कोणी ठरविला, दोन चिन्हांतील भेद जाणवतो की नाही, आणि एक चिन्ह दुसऱ्याशी जोडले जाते की नाही. सोस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषेला लष्करी खुणा, मूकबधिरांची वर्णमाला इत्यादी चिन्हव्यवस्थांच्या पंक्तीत बसवून त्या सर्वांचे एक शास्त्र असावे असे सुचविले आहे. अंधांसाठी केलेली चौकाची रचना ही त्याच शास्त्राच्या कक्षेत येते. फरक एवढाच की, येथे वाचनातील चूक वाचकाच्या प्राणावर बेतते. या रचनांतील दोष बहुतांशी चिन्हांच्या अभावाचे नसून वाक्यरचनेचे आहेत, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य होय.

कृत्रिम चिन्हांकडे वळण्यापूर्वी, ती नसताना अंध मनुष्य रस्ता कसा ओलांडतो हे पाहणे अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी १९४४ च्या सुमारास लांब काठी वापरण्याची पद्धत सिद्ध केली. पावलागणिक काठी डावीकडून उजवीकडे फिरवीत जावयाचे. टोक खाली घसरले की पदपथ संपला असे जाणावयाचे. तेथून पुढचे काम कानाचे. आपल्या चालण्याच्या दिशेला समांतर असलेली वाहने सुरू झाल्याचा आवाज आला की आडवी वाहने थांबली असली पाहिजेत, असा निष्कर्ष काढून पाऊल टाकावयाचे. आणि तोच समांतर आवाज बाजूला ठेवून सरळ रेषेत पलीकडे जावयाचे. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे अनुमान आहे. धुरावरून अग्नी ओळखावा त्याप्रमाणे येथे आवाजावरून वाट ओळखली जाते. या खुणा कोणी हेतुपूर्वक ठेवलेल्या नसतात, म्हणूनच त्या सहसा खोटे बोलत नाहीत.

गेल्या अर्धशतकात या नैसर्गिक खुणा एकामागून एक नाहीशा होत गेल्या आहेत. आणि विशेष म्हणजे, प्रत्येक वेळी त्यामागील हेतू चांगलाच होता. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी पदपथाची कड उतरती करण्यात आली. ते सर्वस्वी न्याय्य होते, परंतु काठीला लागणारी कड त्यामुळे नाहीशी झाली. जपानमध्ये या दोन गरजांचा मेळ घालण्यासाठी कडेला दोन सेंटिमीटरची पायरी राखण्याचा प्रघात पडला. खुर्ची तेवढी चढते आणि काठीला तेवढी कळते, असा तो हिशेब होय. तोक्योतील शिबुया चौकासारख्या ठिकाणी सर्व बाजूंची वाहने एकाच वेळी थांबवून पादचाऱ्यांना सर्व दिशांनी सोडले जाते. डोळसांना ते सोयीचे आहे. परंतु त्या क्षणी समांतर वाहनांचा आवाजच नसल्याने अंधाच्या अनुमानाचा हेतू नाहीसा होतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींनी तर वाहनाचा आवाजच काढून घेतला. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर या मोटारींसाठी किमान आवाजाचा नियम तयार झाला, आणि युरोपीय संघात २०२१ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीला मंद गतीत कृत्रिम आवाज करणे बंधनकारक झाले.

याच मालिकेतील सर्वांत बोलके उदाहरण 'सामायिक रस्त्या'चे आहे. डच अभियंते हान्स माँडरमन यांच्या नावाशी निगडित असलेल्या या विचारसरणीत कड, पट्टे, दिवे हे सर्व काढून टाकून मोटारचालक आणि पादचारी यांनी एकमेकांकडे पाहून आपापली वाट ठरवावी, अशी अपेक्षा असते. ही योजना चिन्हे नष्ट करते असे तिचे समर्थक मानतात. वस्तुतः ती सर्व चिन्हे काढून दृष्टिभेट हे एकच चिन्ह ठेवते. आणि जो समाजघटक ते चिन्ह देऊ शकत नाही व घेऊही शकत नाही, त्याला संभाषणाबाहेर ठेवते. २०१८ साली ब्रिटिश सरकारने कड नसलेल्या अशा समतल योजना तूर्त थांबविण्यास स्थानिक संस्थांना सांगितले, त्यामागे अंधांच्या संघटनांची हीच तक्रार होती.

या पार्श्वभूमीवर कृत्रिम चिन्हांकडे पाहिले म्हणजे त्यांचे खरे स्वरूप ध्यानात येते. ती अंधांवर केलेली कृपा नव्हे. काढून घेतलेल्या खुणांचा तो मोबदला होय. परंतु येथे ज्ञानाचे साधन बदलते. अनुमानाच्या जागी शब्दप्रमाण येते. कोणीतरी हेतुपूर्वक काही सांगत असतो आणि अंध मनुष्य त्यावर विश्वास ठेवतो. शब्दाचे प्रामाण्य आप्तावर, म्हणजे यथार्थ बोलणाऱ्यावर, अवलंबून असते. म्हणून रस्त्यावर उठावाची फरशी बसविणारी संस्था, तिला कल्पना असो वा नसो, आप्त असल्याचा दावा करीत असते.

या फरशीचा उगम जपानमधील ओकायामा येथील आहे. सेइइची मियाके यांनी १९६५ साली ती कल्पिली आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा येथील अंधशाळेजवळ एका रस्त्याच्या ओलांडणीपाशी ती प्रथम बसविण्यात आली. तेथून विकसित झालेली भाषा केवळ दोन शब्दांची आहे. लांबट पट्ट्यांची फरशी म्हणजे 'या दिशेने चालावे'. ठिपक्यांची फरशी म्हणजे 'येथे सावध व्हावे'. कड, वळण, जिना, फलाटाची धार या सर्वांसाठी दुसरा शब्द एकच. दीर्घकाळ निरनिराळ्या उत्पादकांचे निरनिराळे आकार प्रचारात होते. २००१ साली जपानी राष्ट्रीय मानकाने आकार आणि पाच मिलिमीटरची उंची निश्चित केली, तेव्हा या भाषेला प्रमाणलेखन लाभले असे म्हणता येईल.

ब्रिटनने वेगळा मार्ग पत्करला. तेथील १९९८ च्या मार्गदर्शिकेत, आणि २०२१ च्या सुधारित आवृत्तीतही, शब्दसंग्रह पुष्कळ मोठा आहे. ओलांडणीसाठी गोल टेंगळांची फरशी. ती नियंत्रित असेल तर लाल, अन्यथा पिवळसर. जिन्यासारख्या धोक्यासाठी आडव्या गोलाकार पट्ट्यांची. रेल्वेच्या फलाटासाठी निराळी, ट्रामच्या थांब्यासाठी निराळी. या संपन्नतेत दोन धोके दिसतात. पायाच्या तळव्याला बुटातून किती भेद जाणवतात याला मर्यादा आहे, आणि जो भेद जाणवत नाही तो अर्थभेदक होऊ शकत नाही. लाल आणि पिवळसर हा भेद तर केवळ अल्पदृष्टी असणाऱ्यांपुरताच आहे. दुसरा धोका भाषाभेदाचा. जपानी वाचकाला पट्टे म्हणजे 'चालावे'. ब्रिटिश पदपथावर आडवे गोलाकार पट्टे म्हणजे 'सावध'. मराठीतील 'शिक्षा' आणि हिंदीतील 'शिक्षा' यांत जो घोटाळा होतो त्याच जातीचा हा घोटाळा आहे; मात्र येथे त्याचे पर्यवसान हास्यात होत नाही. २०१२ साली या फरश्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले, तरी राष्ट्रीय बोली कायम आहेत.

परंतु शब्दसंग्रह लहान असावा की मोठा, हा मूळ प्रश्न नव्हे. शब्दांवरून वाक्याचा बोध होण्यास आपल्या शास्त्रकारांनी तीन अटी सांगितल्या आहेत : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. रस्ता ओलांडण्याची जागा हे एक वाक्य मानले, तर तिच्या परीक्षणासाठी याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे.

आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. घोडा, पुरुष, हत्ती अशी नावे ओळीने उच्चारल्याने वाक्य होत नाही. ओलांडणीच्या वाक्यात निदान पाच पदे लागतात : ओलांडण्याची जागा कोठे आहे, कड कोठे आहे, तोंड कोणत्या दिशेला करावयाचे आहे, केव्हा निघावयाचे आहे आणि पलीकडची कड कोठे आहे. यांतील प्रत्येक पद पुढच्याची अपेक्षा उत्पन्न करते. कडेला ठिपके बसविले, परंतु दिशा सांगितली नाही, तर वाक्य अपुरे राहते. पुष्कळ शहरांत कोपऱ्याच्या मधोमध एकच उतार तिरपा काढलेला असतो. त्याच्या दिशेने सरळ चालणारा मनुष्य पलीकडच्या पदपथाकडे न जाता चौकाच्या मध्यभागी जातो. तेथे चिन्ह आहे, पण ते ज्या पदाची आकांक्षा निर्माण करते ते पद भलत्याच ठिकाणी आहे.

योग्यता म्हणजे अर्थाला बाध नसणे. 'अग्नीने शिंपावे' हे तिच्या अभावाचे प्रसिद्ध उदाहरण. भारतीय शहरांतील पदपथांवर पिवळी फरशी आता पुष्कळ ठिकाणी दिसते. आणि 'या दिशेने चालावे' असे सांगत ती विजेच्या खांबाशी, झाडाच्या आळ्याशी, उघड्या गटाराशी किंवा दुकानाच्या पायरीशी नेऊन सोडते, हेही तितक्याच वेळा दिसते. कोठे पट्टे आडवे बसविलेले असतात, कोठे शोभेसाठी ठिपके आणि पट्टे आलटून पालटून मांडलेले असतात. अशा फरशीला निरर्थक म्हणणे तिचा दोष कमी लेखणे होय. ती अर्थपूर्ण आणि असत्य आहे. निरर्थक फरशीकडे अंध मनुष्य दुर्लक्ष करील. असत्य फरशीवर तो विश्वास ठेवील, आणि दोनदा फसल्यावर जेथे ती सत्य सांगते तेथेही ठेवणार नाही. आप्तत्व गमावल्याचा हा परिणाम आहे. डावीकडे वळणाऱ्या वाहनांना सदैव मोकळीक असलेल्या चौकांत चालण्याचा सिग्नल देणे हेही योग्यतेच्याच अभावाचे उदाहरण होय. सिग्नल 'चला' म्हणतो आणि वाहने थांबत नाहीत.

संनिधी म्हणजे पदांचे विलंबाशिवाय आणि जवळजवळ येणे. अमेरिकेच्या वाहतूक-नियंत्रणविषयक राष्ट्रीय नियमपुस्तिकेच्या २००९ च्या आवृत्तीत या अटीचा फार सूक्ष्म विचार आढळतो. एका कोपऱ्यावरील दोन ओलांडण्यांची दोन बटणे एकमेकांपासून निदान दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर, दूर असतील तरच नुसता टकटक असा ध्वनी चालतो. त्याहून जवळ असतील तर कोणत्या रस्त्याचा सिग्नल लागला हे शब्दांनी सांगावे लागते. चिन्ह कोणाविषयी आहे हे त्याच्या जागेवरून कळत नसेल तेव्हाच नाम उच्चारावे, हा भाषेतील सर्वनामाचाच नियम आहे. उलट, काळाच्या संनिधीचा भंग अलीकडच्या एका सुधारणेत दिसतो. वाहनांना हिरवा दिवा मिळण्यापूर्वी पादचाऱ्यांना तीन ते सात सेकंद आधी सोडण्याची पद्धत अनेक शहरांत आली आहे. डोळस पादचारी त्यामुळे वळणाऱ्या चालकाला आधीच दिसू लागतो. परंतु समांतर वाहनांच्या आवाजाची वाट पाहणारा अंध मनुष्य ते मौल्यवान सेकंद काठावरच घालवितो आणि वाहने वळू लागतात त्याच क्षणी रस्त्यात उतरतो. ऐकू येणारा सिग्नल सोबत नसेल तर ही सुधारणा त्याच्यापुरती उलटी ठरते.

ध्वनिचिन्हांचा इतिहासही उद्बोधक आहे. जपानमध्ये आणि अमेरिकेच्या काही भागांत दोन दिशांसाठी दोन पक्ष्यांचे आवाज योजण्यात आले. अमेरिकी प्रघातात कोकिळेसारखा आवाज उत्तर-दक्षिण जाण्यासाठी आणि चिवचिव पूर्व-पश्चिम जाण्यासाठी होता. ही योजना रमणीय, पण सदोष होती. रस्ता तिरपा असेल तर दिशा कोणती म्हणावी, हे चिन्ह सांगत नाही. अनोळखी शहरात उत्तर कोठे आहे हे अंधाला आधी ठाऊक असावे लागते. आणि खरे पक्षीही आवाज काढतात. २००९ च्या अमेरिकी नियमांनी म्हणून सेकंदाला आठ ते दहा वेळा होणाऱ्या कोरड्या टकटकीची निवड केली. सौंदर्याचा त्यात लोप झाला, परंतु संदिग्धतेचाही झाला.

ध्वनीवर आणखी एक आक्षेप खुद्द अंधांच्याच गोटातून आला. अमेरिकेतील १९४० साली स्थापन झालेल्या 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' या संघटनेने दीर्घकाळ अशा सिग्नलांना विरोध केला. सिग्नलचा मोठा आवाज वाहनांचा आवाज झाकून टाकतो, म्हणजे टीकेखाली मूळ संहिताच दिसेनाशी होते, हे त्यातील सार होते. आक्षेप खरा होता, आणि आवाज परिसरातील गोंगाटानुसार आपोआप कमी-अधिक व्हावा हा नियम त्याचेच उत्तर आहे. ब्रिटनने दुसरे उत्तर शोधले. बटणाच्या पेटीखाली एक लहान खाचदार शंकू असतो. चालण्याचा दिवा लागला की तो बोटांखाली फिरू लागतो. जेथे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडावयाचा असतो आणि एका टप्प्याचा आवाज दुसऱ्याचा समजला जाण्याचा धोका असतो, तेथे हे मूक चिन्ह केवळ ज्याचा हात त्यावर आहे त्याच्याशीच बोलते. संनिधीचा याहून निर्दोष नमुना सापडणार नाही. मात्र ध्वनी सर्वस्वी बंद ठेवण्याची किंमत जपानने अनुभवली आहे. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी तेथे पुष्कळ सिग्नल रात्री मूक केले जातात. २०१८ च्या डिसेंबरात तोक्योतील कोमागोमे स्थानकाजवळ, ध्वनी बंद असलेल्या पहाटेच्या वेळी, एका अंध पादचाऱ्याचा मोटारीची धडक बसून मृत्यू झाला. डोळसासाठी दिवा रात्रभर जळत असतो. अंधासाठी वाक्य ठराविक तासांनंतर संपते.

बोलणाऱ्या सिग्नलांच्या बाबतीत तर विषय थेट व्याकरणात येतो. अमेरिकी नियमानुसार अशा संदेशात आज्ञा असता कामा नये आणि 'ओलांडणे सुरक्षित आहे' असेही म्हणता कामा नये. चालण्याचा दिवा लागला आहे एवढीच वस्तुस्थिती सांगावयाची. आज्ञार्थाऐवजी स्वार्थ योजण्याचा हा आग्रह कायदेशीर सावधगिरीचा असेल, तथापि त्यात सत्यही आहे. यंत्राला दिव्याची स्थिती ठाऊक असते, भरधाव येणाऱ्या मोटारीची नसते. आपल्याला ठाऊक आहे तेवढेच बोलणे हे आप्ताचे लक्षण होय.

मराठीत असे संदेश योजावयाचे झाल्यास या तत्त्वाबरोबर भाषेच्या घडणीचाही विचार करावा लागेल. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि निषेध त्याच्याही नंतर. 'रस्ता ओलांडू नका' या वाक्यातील 'नका' एखाद्या रिक्षाच्या भोंग्यात बुडाले तर 'रस्ता ओलांडू' एवढेच कानी पडते. आणि 'रस्ता ओलांडा' याहून ते केवळ एका अंत्य स्वराने भिन्न आहे. 'दिवा लागला आहे' आणि 'दिवा लागलेला नाही' यांतही निर्णायक पद शेवटीच येते. गोंगाटात ज्या अक्षरांवर जीव अवलंबून आहे ती अक्षरे वाक्याच्या टोकाला ठेवणे धोक्याचे आहे. म्हणून निषेधासाठी नकारार्थी वाक्य न योजता 'थांबा' हा स्वतंत्र शब्द योजणे श्रेयस्कर. त्याचे पहिलेच अक्षर भेद करते. दुसऱ्या बाजूने मराठीची घडण उपकारकही आहे. रस्त्याचे नाव आधी उच्चारून पुढे त्याची पुनरुक्ती करण्याची जी पद्धत इंग्रजीत मुद्दाम योजावी लागते, ती मराठीत सहज साधते : 'लक्ष्मी रस्ता. लक्ष्मी रस्ता ओलांडण्याचा दिवा लागला आहे.' इंग्रजी संदेशाचे शब्दशः भाषांतर करून खांबावर चढविल्यास यांतील काहीच साधणार नाही.

भारतीय कायद्याकडे याच कसोटीने पाहिले असता त्याची उणीव स्पष्ट होते. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातील पंचेचाळिसाव्या कलमात सिग्नलपाशी ध्वनी, झेब्रा क्रॉसिंगच्या पृष्ठभागावर कोरीव खुणा, फलाटांच्या कडांवर खुणा अशी यादी होती, आणि तीही संबंधित संस्थेच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ही पदांची यादी होती. त्यांचे वाक्य कोणी जुळवावयाचे हे त्यात नव्हते. २०१६ च्या कायद्याने सुगम्यतेला हक्काचे स्वरूप दिले. परंतु त्याखालील नियमांनी ज्या मार्गदर्शिकांकडे बोट दाखविले त्यांची भाषा शिफारशीची होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी यांच्या प्रकरणात हीच विसंगती दाखवून संबंधित नियम मूळ कायद्याशी विरुद्ध ठरविला आणि बंधनकारक किमान मानके करण्यास सरकारला सांगितले. 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांतील अंतर हा त्या निकालाचा एक मुख्य विषय होता, हे भाषेच्या अभ्यासकाने नोंदविण्यासारखे आहे.

मानके बंधनकारक झाली तरी ती पदांची की वाक्यांची, हा प्रश्न शिल्लक राहतो. किती मीटर फरशी बसविली, किती खांबांवर ध्वनियंत्रे चढविली, ही गणना सोपी असते आणि अहवालात शोभते. तिच्यावरून वाक्य वाचता येते की नाही हे कळत नाही. त्याची परीक्षा एकाच प्रकारे होऊ शकते. कंत्राटदाराचे देयक मंजूर होण्यापूर्वी, शहराशी अपरिचित अशा अंध व्यक्तींनी काठी घेऊन त्या चौकात यावे, कोणाच्या मदतीवाचून जागा शोधावी, दिशा धरावी, वेळ ओळखावी आणि पलीकडच्या कडेला पोहोचावे. एकही पद तुटले तर रचना अपूर्ण समजावी. लेखन प्रमाण आहे की नाही हे ज्याप्रमाणे लेखनिकाने ठरवावयाचे नसते, त्याप्रमाणे ही रचना सुवाच्य आहे की नाही हे ती बसविणाऱ्याने ठरवावयाचे नाही. तो अधिकार वाचकाचा आहे. आणि या वाक्याचा वाचक ते वाचीत असताना भर रस्त्यात उभा असतो.